बारा हवी अक्षरे

त्या पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं. दोन वर्षांहून थोडा जास्त काळ ते माझ्या वृत्तांच्या वहीत पडून होतं, 'यती' या धड्यापाशी, खुणेला ठेवलेल्या मोरपिसासारखं. वही उघडली की ते दिसायचं, म्हणून मी वही उघडायचं सोडलं. भित्र्या माणसाचे उपाय असेच असतात.

उत्तर का दिलं नाही हे सांगायचं तर आधी माझा उद्योग सांगावा लागेल, आणि तो सांगताना मला संकोच वाटतो. ईट गावात मी चौतीस वर्षं मराठी शिकवलं. ओवी, अभंग, आर्या, दिंडी, साकी, सगळं बाकावर ठेका धरून. निवृत्त झाल्यावर मंगलाष्टकं लिहून द्यायला लागलो. कवी म्हणून नव्हे. कविता मला आयुष्यात एकही जमली नाही, कवितेचं माप तेवढं जमलं. नवरदेवाचा सदरा शिवणारा काही नवरदेव नसतो, तसंच ते.

आमच्याकडं मंगलाष्टकं घरच्यांच्या नावांनी भरलेली लागतात. आजा, चुलता, आत्या, मामा, सगळे त्यात यावे लागतात. ज्याचं नाव राहिलं तो जेवत नाही. आणि वृत्त शार्दूलविक्रीडित, असं की त्यात नाव घालणं म्हणजे भरल्या जीपमध्ये आणखी एक पाहुणा बसवणं. एका ओळीत एकोणीस अक्षरं. बारा झाली की श्वास घ्यायला जागा, तिला यती म्हणतात. मग उरलेली सात. लघु कुठं आणि गुरु कुठं, हे ठरलेलं. मी पोरांना सांगायचो, लघु म्हणजे बाकावर एक टिचकी, गुरु म्हणजे एक थाप. त्या शेवटच्या सात अक्षरांचा ठेका असा: थाप थाप टिचकी, थाप थाप टिचकी, थाप. 'कुर्यात् सदा मंगलम्' म्हणून बघा, बरोबर बसतं.

चार वर्षांपूर्वीच्या वैशाखात अर्पिताचं लग्न ठरलं. ती माझी विद्यार्थिनी. वडील लहानपणीच गेले, तिला वाढवलं तिच्या मामानं, दगडोबांनी. त्यांना स्वतःला मूलबाळ नाही. तिच्या दप्तरापासून तिच्या नर्सिंगच्या फॉर्मपर्यंत सगळं दगडोबांनी केलं, आणि फॉर्मवर 'पालक' या रकान्यात अंगठ्याएवढ्या अक्षरात सही केली. म्हणून मंगलाष्टकात त्यांची ओळ नीट हवी होती.

दगडोबा हे नाव बसेना. दोन टिचक्या आणि दोन थापा, आणि शेवटची थाप नको तिथं पडायची. मी दोन दिवस खटपट केली आणि ती कापली. दगडोबांचे दगडू झाले.

"व्हय गुर्जी," दगडोबा कागदाकडं बघत म्हणाले, "माझ्या बापानं चार अक्षरं ठेवली, तुम्ही तीनच घेतली. एक काय फुकट गेलं व्हय?"

"वृत्तात बसत नाही हो."

"बसतंय की. बाकीच्यास्नी जरा सरकून घ्या म्हणावं."

पण खरी अडचण पुढं होती. दगडोबा बारा अक्षरांत संपले आणि सात अक्षरं मोकळी राहिली. अशा जागी कवी 'हो', 'बा', 'जाणा' असलं काहीबाही कोंबतात. त्याला पादपूरण म्हणतात, साध्या भाषेत भरती. वर्गात मी भरतीचे गुण कापायचो. भरती म्हणजे दुबळ्या कवीची कुबडी, असं फळ्यावर लिहायचो आणि खाली दोन रेघा मारायचो. आणि आता पत्रिका छापणारा माणूस ओट्यावर बसून तिसरा चहा पीत होता. सात अक्षरं सुचेनात. मग मी जे केलं ते करायला नको होतं. लोक भरतीला शब्द घालतात. मी माणूस घातला.

मामाजी दगडू उभे जवळि ते, श्रीकृष्णराजासवे

म्हणजे दगडूमामा जवळ उभे आहेत, कृष्णराजांसोबत. कृष्णराज नावाचा मामा अर्पिताला नव्हता. 'श्री' सुद्धा आदरासाठी नव्हता, एक थाप कमी पडत होती.

दगडोबांनी विचारलंच, "हे कृष्णराज कोन?"

"शोभेला," मी म्हणालो. कान गरम झाले होते.

"बरं झालं," ते म्हणाले. "एकट्यानं उभं राहायला मला लाज वाटती."

लग्न ईटलाच होतं, मुहूर्त दुपारी बारा पस्तीसचा. मंडपावर पत्रे नव्हते, कापड होतं, आणि कापडातून गाळलेलं ऊन खाली पडत होतं. सगळ्यांचे चेहरे गुलाबी दिसत होते. मी नेहमीसारखा मागच्या खुर्चीवर, खांबाआड. अंतरपाट धरला. अर्पिताच्या पाठीशी दगडोबा उभे राहिले, नवा फेटा, हात कुठं ठेवावेत ते न कळून पोटावर बांधलेले. त्यांच्या उजवीकडं स्टेजचा पंखा होता. पंख्याच्या आणि त्यांच्या मध्ये कुणी नव्हतं. हे मी आजही शपथेवर सांगेन, कारण त्या जागेकडंच मी बघत होतो.

गाणाऱ्या बाईंनी सूर लावला. "मामाजी दगडू उभे जवळि ते..." आणि यतीवर श्वास घेतला.

त्या श्वासात मी चष्मा पुसला.

"...श्रीकृष्णराजासवे," बाई म्हणाल्या, आणि चष्मा लावला तर पंखा दिसत नव्हता. पंख्यासमोर एक माणूस उभा होता. पांढरा सदरा, घड्या मोडलेल्या नाहीत. गुलाबी फेटा. चेहरा असा की बँकेतल्या नमुना अर्जावर जसं नाव असतं, तसा चेहरा. लोक अक्षता टाकत होते. कुणी दचकलं नाही. नवरीकडच्यांना वाटलं असावं, नवऱ्याकडचा. नवऱ्याकडच्यांना वाटलं असावं, नवरीकडचा. लग्नात अशी चार माणसं असतातच.

पंगतीत तो माझ्या शेजारी येऊन बसला. मला अनोळखी माणसाशी बोलायला जमत नाही, पण न बोलणंही बरं दिसेना.

"आपलं गाव कोणतं?" मी विचारलं.

तो थोडा विचारात पडला. मग म्हणाला, "मामाच मी आपला."

मी मान हलवली. वाढपी भात घेऊन आला. "वाढा जरा शेवटी," तो म्हणाला. मग इकडंतिकडं बघून, "पाणी मिळेना कुठे."

मी त्याच्याकडं माझा तांब्या सरकवला. माझा डावा हात पत्रावळीखाली आपोआप मांडीवर ठेका धरत होता. चौतीस वर्षांची सवय. थाप थाप टिचकी, थाप थाप टिचकी, थाप. तिन्ही वेळा.

आता यात विशेष काही नाही, असं मी स्वतःला समजावलं. माणसं नकळत वृत्तात बोलतात. एसटीचा कंडक्टर 'मागे सरा हो जरा' म्हणतो, तेव्हा त्याला कुठं माहीत असतं की तो शार्दूलविक्रीडिताची शेवटची सात अक्षरं म्हणतोय? पण कंडक्टर पुढं दुसरंही काही बोलतो. हा बोलेना.

"तुम्हाला बोलावणं कुणाकडून?" मी शेवटी विचारलं.

त्यानं माझ्याकडं पहिल्यांदा नीट पाहिलं. "आलो तुम्ही बोलता," तो म्हणाला.

मी भात तसाच ठेवून उठलो. घरी येऊन बायकोला सांगितलं, ऊन लागलं.

पुढं जे झालं ते आपल्या लोकांच्या सवयीनं झालं. ते मंगलाष्टक गाजलं. कुणीतरी फोनवर पाठवलं, त्यानं दुसऱ्याला पाठवलं, आणि भूम, वाशी, परांडा, तिन्ही तालुक्यांत ते फिरलं. नवरीचं नाव बदलायचे, दगडूच्या जागी ज्याचा त्याचा मामा घालायचे. पण शेवटच्या सात अक्षरांना कुणी हात लावला नाही. तिथं काही बदललं की चाल मोडायची. कृष्णराज कोण, असं एकाही घरानं विचारलं नाही. प्रत्येकाला वाटलं, असेल कुणीतरी थोरला, आपल्याला माहीत नाही म्हणजे आपलीच चूक.

माझ्या बायकोला, भुवनेश्वरीला, लग्नाचे व्हिडिओ बघायचा नाद. एक दिवस दुपारी ती म्हणाली, "अहो, हा माणूस बघा. वाशीच्या लग्नात हाच, सोनारीच्या लग्नातही हाच. दिवस एकच, दोन्हीकडं मुहूर्त बारा पस्तीस."

"जुळा असेल."

"आणि हे ईटचं, अर्पितानंतरचं दुसरं? त्याच दिवसाचं. तिळा म्हणायचं का?"

मी वर्तमानपत्र तोंडापुढं धरलं. ते उलटं होतं, हे तिनंच सांगितलं.

त्यानंतर फाल्गुनात ते पत्र आलं. निळं आंतरदेशीय, हल्ली कुणी वापरत नाही तसलं. माझे मित्र लालमहंमद चाळीस वर्षं टपाल वाटून निवृत्त झालेले. त्यांना मी फक्त बाहेरून दाखवलं. त्यांनी ते उजेडात धरलं, वास घेतला.

"गुरुजी, शिक्का तर हाय," ते म्हणाले. "गोल बी हाय. पर मधी काहीच न्हाय. ना गाव, ना तारीख. आमच्या जिंदगीत असला शिक्का बघितला न्हाय बगा."

आत ओळी होत्या. एकाखाली एक, डावीकडं बराच कागद कोरा सोडून.

कार्ये किती पाहु मी
एका दिनी तीन हो
ईटेत, वाशीतही
सोनारिला धावतो
टाचा किती पोळती
जेवू कुणाच्या घरी
नाही मला गाव ते
बारा हवी अक्षरे

आणि खाली सही, पूर्ण सात अक्षरांची, 'सवे' सकट. आपलं नाव तेवढंच आहे अशी त्याची समजूत असावी.

पहिल्यांदा मी लाल पेन काढलं. 'पाहु' आणि 'सोनारि' ऱ्हस्व केले होते, तिथं बाजूला खूण केली. मग पेन ठेवून दिलं. एखाद्या जुन्या विद्यार्थ्यानं चेष्टा केली असेल, असं धरून चालावं, तर माझ्या एकाही विद्यार्थ्याला आठ ओळी सरळ वृत्तात लिहिता आल्या नसत्या. हे मी शिक्षक म्हणून खात्रीनं सांगतो, आणि ते सांगताना मान खाली जाते.

उत्तराचे अकरा कच्चे खर्डे केले. 'आपण नाही आहात' असं एखाद्याला कसं लिहायचं? आणि 'आपण आहात' असं लिहिलं तर कबूल करावं लागणार की ईटच्या गुरुजींनी भरती केली. मला, खरं सांगतो, भुतापेक्षा त्याची जास्त भीती वाटली. पत्र वहीत गेलं.

त्याला उत्तर मिळालं नाही, तसा तो जिथं पहिल्यांदा उभा राहिला होता तिथं परतला. हे मला कळलं यंदा चैत्रात, दगडोबा भर दुपारी माझ्या ओट्यावर येऊन बसले तेव्हा. हातात पिशवी होती. पिशवीत लहान मुलाचं अंगडं-टोपडं, घडीही न मोडलेलं.

"लेकराचं जावळ होतं," ते म्हणाले. "सोनारीला. भैरवनाथाच्या पायरीशी."

मला माहीत होतं. अर्पिताचा मुलगा तिसऱ्यात लागला होता. तिला भाऊ नाही, म्हणून लेकरू मांडीवर घ्यायचा मान दगडोबांचा. वर्षभर ते त्याचंच बोलायचे.

"मग? छान झालं असेल."

"झालं की." ते पिशवीची वादी गुंडाळत राहिले. "न्हाव्यानं इचारलं, मामा कोन? समदे म्हनले, कृष्णराजमामा. त्यो आला, मांडी घालून बसला. लेकरू बी गप बसलं त्याच्यापाशी. म्या म्हनलं, अर्पे, अगं म्या हाय की. तर ती माज्याकडं बघून म्हनली, काका, जरा बाजूला व्हता का, फोटोत यायलाव."

"काका?"

"व्हय. काका. तिच्या फोनमधी माझं नाव बी बदललंय. 'मामा' म्हनून त्यो हाय. म्या 'मामा दोन'. परवा बघितलं तर 'दोन' बी न्हाई, निसता नंबर."

मी त्यांच्यापुढं पाण्याचा तांब्या सरकवला.

"म्या काय केलं न्हाई गुर्जी. भांडलो न्हाई. निसता जवळ उभा राह्यलो. देवळावरच्या वानरांनी तेवढं वळखलं मला. नारळ हिसकून घेऊन गेली."

ते हसले. मी हसू शकलो नाही, कारण 'जवळ उभा' हे शब्द माझे होते. उभे जवळि ते. मी त्या माणसाला जिथं उभं केलं होतं तिथंच तो चार वर्षं उभा होता, आणि ज्याला बारा अक्षरं हवी होती त्यानं शेजारची बारा घ्यायला सुरुवात केली होती. ती शेजारी होती, एवढंच. मी दिली नाहीत म्हणून.

"तुम्ही माझं येक अक्षर कापलं ना," दगडोबा म्हणाले, "तवापासनं मला हलकं हलकं वाटायलंय. परत घालता येतंय का बघा. म्या तुम्हाला कायबी बोलनार न्हाई."

ते गेल्यावर मी वही काढली. खडू होता तेव्हा मी इतका घाबरत नव्हतो. भुवनेश्वरी चहा घेऊन आली तेव्हा मी मांडीवर टिचक्या मारत होतो.

"काय मोजायलाव?"

मग मी तिला सगळं सांगितलं. चार वर्षांचं, एका दमात. तिनं चहावरची साय बोटानं बाजूला केली.

"म्हणजे बारा अक्षरं लिहायची होती," ती म्हणाली. "आणि त्याला तुम्ही दोन वर्षं लावली. मी रोज दोन वेळा सैपाक करते."

मी लिहायला बसलो. त्याला गाव द्यावं, घर द्यावं, म्हणजे तो तिथं जाऊन राहील, असा साधा विचार होता. आधी त्याला बायको द्यावी असं वाटलं. बिचारा, कुणाच्या घरी जेवू म्हणतो. बारा अक्षरांत एक हरणाबाई बसवली. शाई वाळायच्या आत भुवनेश्वरी बाहेरून आली.

"लिंबाखाली एक बाई उभी होती. कोण पाहिजे म्हटलं तर काही बोलली नाही. पाणी आणायला आत वळले, तर गेली."

मी कागदाचे तुकडे केले आणि चुलीत घातले. ते पूर्ण जळेपर्यंत तिथंच बसून राहिलो. त्या बाईची मी मनातल्या मनात माफी मागितली.

म्हणजे खोटं काही लिहायची सोय उरली नव्हती. खरं लिहावं तर कुणाच्या तरी वाट्याचं जाणार. लालमहंमद आले तेव्हा मी त्यांच्यापुढं नावं न घेता अडचण मांडली: एक अर्धी ओळ आहे, आधीचा भाग हवा, पण तो कुणाकडून घ्यायचा नाही.

लालमहंमदांना गझलेचा शौक. त्यांनी पान तोंडात एका बाजूला सरकवलं. "आमच्यात शेवटच्या शेराला मक्ता म्हनतेत. त्यात शायर नाव घालतो. कुनाचं? सोताचं. दुसऱ्याच्या नावानं खड्डा भरत न्हाईत गुरुजी. ज्यानं खड्डा पाडला त्याचंच नाव."

ते सहज बोलले होते. ते गेल्यावर मी माझं नाव बाकावर, म्हणजे पाटावर, वाजवून बघितलं. शिवपुत्र. टिचकी टिचकी थाप टिचकी. चौतीस वर्षं हे वृत्त शिकवलं, हजारांची नावं त्यात बसवली, छाटली, ताणली. स्वतःचं कधी लावून बघितलं नव्हतं. एवढी माझी लायकी कुठं, असं वाटायचं.

एक अक्षर न कापता ते बसलं. जसं काही जागा धरून ठेवली होती.

येथे हा शिवपुत्र राहत घरी,

एवढं लिहिलं. बारा. पुढं स्वल्पविराम दिला आणि थांबलो. पुढची सात त्याच्याकडं होतीच.

दगडोबांची जुनी ओळही वहीत खोडली आणि त्याच कागदावर नवी केली. त्यात ते एकटे होते, आणि नाव चार अक्षरांचं होतं. त्यापायी वृत्त मोडलं. आयुष्यात पहिल्यांदा मी वृत्त मुद्दाम मोडलं, आणि खाली दोन रेघा मारल्या.

भुवनेश्वरीनं कागद वाचला. मला वाटलं, ती नको म्हणेल.

"म्हणजे तो इथं येणार?"

"तसा अर्थ निघतो."

"येऊ द्या. तुम्ही तरी घरात कुठं बोलता? तो निदान सात अक्षरं बोलेल."

पत्ता मात्र अडला. त्याच्या पत्रावर काहीच नव्हतं. शेवटी लिहिलं: श्री. कृष्णराज, द्वारा शिवपुत्र गुरुजी, मुक्काम पोस्ट ईट, तालुका भूम, जिल्हा धाराशिव. स्वतःच्याच घरी पत्र पाठवणारा माणूस मूर्ख दिसतो, हे मला कळत होतं. पण उत्तर पेटीत पडल्याशिवाय उत्तर होत नाही.

दगडोबांनी सोबत यायचा हट्ट धरला. सकाळचे दहा वाजले होते. बाजाराचा दिवस नव्हता, रस्ता मोकळा. पोस्टासमोर दोन शेळ्या सावलीत बसल्या होत्या. पेटीचा लाल रंग उन्हानं विटलेला. वाटेत तिघांनी मला नमस्कार केला. दगडोबांना कुणी केला नाही. एक सायकलवाला त्यांच्या अंगावरच आला, आणि कशाला अडलो हे न कळून खाली बघू लागला.

"टाका आता," दगडोबा म्हणाले. आवाज अगदी बारीक होता.

मी पत्र फटीत धरलं. सोडलं.

आत ते पडल्याचा आवाज आला. एक हलकी टिचकी.

दगडोबांचा फोन वाजला.

त्यांनी तो कानाला लावला, आणि आवाज इतका मोठा की मलाही ऐकू आलं. "मामा, कुठं हाव तुम्ही? चार दिवस झाले, फोन न्हाई, काही न्हाई. लेकरू मामा मामा करून जीव खायलंय. आणि जावळाचा फोटो बघा ना, पाठवलाय. कसं गप बसलंय तुमच्या मांडीवर."

दगडोबांनी फोटो उघडला. खूप वेळ बघितला. मांडी त्यांचीच होती. अंगडं-टोपडंही तेच होतं, पिशवीतलं.

"पर म्या तर..." ते म्हणाले. उपरण्यानं डोळे पुसले. सायकलवाला परत येत होता. तो दुरूनच म्हणाला, "रामराम दगडोबा."

सगळं जागेवर आलं होतं. मला वाटलं, माझ्या हातून एक तरी काम नीट झालं.

दगडोबांनी फोन खिशात ठेवला, माझ्याकडं वळले, आणि माझ्या खांद्याच्या थोडं मागं बघून अदबीनं हात जोडले. ओळखीची खूण त्यांच्या चेहऱ्यावर नव्हती.

"गुर्जी, हे पाव्हनं कोन म्हनायचं?"

मी मागं बघितलं नाही.

काहीतरी सांगायला तोंड उघडलं. "आहे एक घरातलाच, समजा..."

बोट मांडीवर चालूच होतं. बारा.

तिथं मी श्वास घेतला. उरलेली सात माझ्या उजव्या खांद्यामागून आली.